सोपा वर्ग

प्रिय मार्लिस,

‘प्रिय’ लिहायला मला पाच मिनिटं लागली. पण पत्र असंच सुरू करतात, आणि तू सख्खी बहीण आहेस, त्याला माझा इलाज नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ऑफिसातला तो मऊ आवाज काढतेस आणि दोन मिनिटांत समोरच्यालाच वाटायला लागतं की सगळा दोष आपला.

माझी टेसा तीन दिवस नीट जेवलेली नाही. पुढच्या सप्टेंबरात नर्सिंगला जायचं, हे ती नऊ वर्षांची असल्यापासून सांगते आहे. मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची आणि शाळा सुटली की ही तिथेच येऊन बसायची. तिथल्या नूर्मीबाईंना पहिल्यांदा आकडी आली तेव्हा आम्ही मोठ्या बायका सैरावैरा धावत होतो, आणि त्यांच्या डोक्याखाली आपला कोट सारून ही पोर शांतपणे वेळ मोजत बसली होती. नर्सिंगचे प्रवेश वर्षातून एकदाच होतात, आणि मे महिन्याच्या आत विज्ञानवाल्यांचं रसायनशास्त्र पास झालेलं लागतं. ते चालू आहे, अशीच आमची समजूत होती.

ऑगस्टमध्ये ती कॉलेजात तुझ्यासमोर बसली. सल्लागाराने कोड दिल्याशिवाय पहिल्या वर्षाच्या मुलांना विषय निवडायचं पानच उघडत नाही, म्हणजे किल्ली तुझ्या हातात. तिच्या यादीत बरोबर वर्ग लिहिलेला होता. तो तू खोडलास आणि दुसरा लिहिलास, संगीत आणि इतिहासवाली मुलं घेतात तो. नाव जवळजवळ तेच, पुस्तक निम्मं. हा नर्सिंगला चालतो ना, असं तिने विचारलं. तू म्हणालीस, आधी यात पाय रोव, मग बघू. चालतो म्हणाली नाहीस, चालत नाही असंही म्हणाली नाहीस. यादी बदलल्यावर कोड दिलास. आणि मी मूर्ख! पोरीला म्हटलं, मावशी वीस वर्षं हेच काम करते, तिच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. हे माझ्या तोंडचे शब्द आहेत आणि ते मला झोपू देत नाहीत.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू आमच्याच टेबलावर होतीस. टेसाला परीक्षेत सत्त्याण्णव मिळाले म्हणून माझ्या नवऱ्याने, रेनोने, ग्लास उंचावला. मी आनंदाने माझाही ग्लास त्याला टेकवला. तू भोपळ्याच्या गोड पाईचा दुसरा तुकडा वाढून घेतलास आणि म्हणालीस, योग्य वर्गात बसलं की जमतं सगळ्यांना. तेव्हा तुला सगळं माहीत होतं, मार्लिस. मूग गिळून बसलीस म्हणावं, तर तसंही नाही, पाई खात बसलीस.

सोमवारी ती नर्सिंगचा अर्ज भरायला गेली आणि कॉम्प्युटरने सांगितलं, हे रसायनशास्त्र चालत नाही. बरोबर वर्ग जानेवारीत पुन्हा सुरू होतो, पण तो कधीच भरला होता, कारण नाव नोंदवायला पहिल्या वर्षाच्या मुलांची पाळी सगळ्यात शेवटी येते. ऑफिसच्या खिडकीवरच्या बाईला तिची दया आली. तिने सांगितलं, बाळा, सल्लागार प्रत्येक भेटीनंतर टिपण लिहितात, आणि आपली फाइल बघायचा तुला हक्क आहे. मग पार्किंगमध्ये, बर्फाने काचा झाकलेल्या गाडीत, टेसाने मला तुझं टिपण वाचून दाखवलं. ‘मेहनती, पण अवघड वर्ग झेपणार नाही. आई याच विषयापायी कॉलेज सोडून गेली. मुद्दाम सोप्या वर्गात घातली आहे. नर्सिंगचा नाद आपोआप सुटेल.’

वाचून झाल्यावर तिने मला एकच विचारलं. “आई, तू सोडलंस की तुला सोडायला लावलं?”

चोवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. एका चाचणीत नापास झाले होते, एकाच. तू नुकतीच कॉलेजच्या ऑफिसात लागली होतीस. नाव काढून घ्यायचा कागद तू घरी घेऊन आलीस, आई मटण भरायच्या पेस्टी लाटत होती त्याच टेबलावर पिठात ठेवलास. म्हणालीस, “सही कर, डार्सी. पुढे लाज वाटण्यापेक्षा आताच बरं.” मी सही केली. अर्धा वर्ग नापास झाला होता आणि पुढच्या आठवड्यात चाचणी पुन्हा होणार होती, हे मला वर्षभराने कळलं. त्याची नोटीस तूच टाइप केली होतीस. यावर आपण कधी बोललो नाही. मी मनाची समजूत घातली की तू माझं भलंच बघत होतीस. तुला अजूनही तसंच वाटत असेल, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो. वैऱ्याला निदान आपण वैरी आहोत हे ठाऊक असतं. तू केसाने गळा कापतेस आणि वर विचारतेस, दुखलं नाही ना?

टिपणाची प्रत घेऊन मी तुझ्या साहेबाकडे निघाले होते. कोट घातला, बूट घातले, आणि टेसा दारात आडवी उभी राहिली. तिने चौकशी केली होती. सल्लागाराच्या चुकीने नुकसान झालं असेल, तर समिती भरलेल्या वर्गातही एक जागा वाढवून देते. समिती येत्या गुरुवारी बसते आहे. ती फाइल बघत नाही, फक्त अर्ज बघते, आणि अर्जावर सल्लागाराने स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं. तिथे ‘चूक’ असा रकाना आहे. ‘मुद्दाम’ असा नाही. मुद्दाम म्हटलं की चौकशी लागणार, ती वसंत ऋतूपर्यंत चालणार, आणि पोरीचं वर्ष जाणार. म्हणून हे पत्र. अर्ज सोबत जोडला आहे. ‘माझं चुकलं’ हे तुझ्या तोंडून ऐकायची मी चोवीस वर्षं वाट बघितली, आणि आता मीच तुझ्याकडे ते खोटं लिहून मागते आहे. लिही, मार्लिस. नजरचूक झाली म्हणून लिही आणि खाली सही कर. कुणी विचारलं तर मीही सांगेन, कामाच्या गर्दीत होतं असं, बिचारीने मुद्दाम थोडंच केलं.

तुझीच, नाइलाजाने,
डार्सी