मिसेस ऑर्डची पाटी

एस्कवुड, काउंटी डरहॅम
९ मार्च

प्रिय नॉर्मन,

हे पत्र तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझं दार मी तीनदा वाजवलं. चौथ्यांदा गेले तेव्हा खिडकीचे पडदेसुद्धा काढलेले होते. समोरची ग्लॅडिस बाहेर येऊन म्हणाली, "अगं, तो गेला ना कार्लाइलला बहिणीकडे! तुला सांगून नाही गेला?" मुद्दाम विचारत होती, तिच्या तोंडावरच दिसत होतं. मी म्हटलं, सांगितलं होतं गं, माझ्याच लक्षात राहिलं नाही. खोटं बोलायला मला आता काही वाटेनासं झालं आहे.

आधी गावच्या बातम्या. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायला तुझ्या जागी एक नवी बाई उभी असते. पिवळं जाकीट तिला गुडघ्यापर्यंत येतं, आणि तो थांबा लिहिलेला दांडा ती असा धरते जणू तोच तिला चावणार आहे. मुलं ऐकत नाहीत तिचं. तू एकेकाला नावानं हाक मारून पलीकडे न्यायचास, कुणाचा दात पडला, कुणाची मांजर व्याली, सगळं तुला ठाऊक. ही नुसती "चला, चला" करते. परवा एक छोटी मला म्हणाली, "आमच्या नॉर्मनला परत कधी आणणार?" मी म्हटलं, बघू. रस्ता ओलांडून गेले आणि औषधाच्या दुकानात उगाच उभी राहिले.

तुझ्या प्लॉटवर अजून सगळं जसंच्या तसं आहे. आपले भाड्याच्या जागेतले भाजीचे वाफे शेजारी शेजारी, अकरा वर्षं. तुझी मार्जरी गेली त्या वर्षी तू आलास, माझा टेड त्याच्या आधीच गेलेला. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं की लीक म्हणजे शेवटी कांद्याच्या पातीचा जाडा भाऊ, तर तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. सप्टेंबरच्या भाज्यांच्या प्रदर्शनासाठी लीकला बिअर पाजणारा माणूस तू, तुला ते लागणारच. मग आपला तो खेळ सुरू झाला. मी लाकडाच्या पाट्या रंगवायच्या, एकेका लीकपाशी रोवायच्या, आणि तू बारसं करायचास. लीकला लोकांची नावं ठेवायची, आणि लोकांना नावं ठेवायची. एका वर्षी पाद्री होता, एका वर्षी खाटीक, एकदा माझी सासू. सासू वाळून गेली तेव्हा तू टोपी काढून उभा राहिलास आणि मी हसता हसता चिखलात बसले. टेड गेल्यावर इतकी हसले असेन ती तुझ्याजवळच.

गेल्या वर्षीचा सगळ्यात जाडा लीक माझा होता. नाव मिसेस ऑर्ड, कारण नगरसेविका ऑर्डबाईंना आपले वाफे उखडून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. सभेत तू उभा राहून ओरडलास, "माझ्या मढ्यावरून न्या तुमच्या गाड्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेच पुढे तुझ्या अंगाशी आलं.

प्रदर्शनाच्या आधीच्या बुधवारी आपल्या वाफेवाल्यांच्या क्लबच्या फेसबुक पानावर प्रदर्शनाची सूचना लागली होती. तिच्याखाली मी लीकचा फोटो टाकला, पाटीसकट, आणि लिहिलं, "बाईंची तब्येत बघा, आमची जमीन खाऊन कशी गुटगुटीत झाल्यात!" तू पाच मिनिटांत उत्तर दिलंस. तुला ते उत्तर द्यायचं बटण कधी सापडलं नाही, नॉर्मन. तू प्रत्येक वेळी माझ्या फोटोला जोडून न लिहिता सूचनेखाली वेगळी ओळ टाकायचास आणि मी तुला म्हातारा म्हणून चिडवायची. "शनिवारी सकाळी सुरी घेऊन येतोय. ऑर्डबाई, आधी पाय कापीन, मग मुंडकं. तयार राहा." लीकची मुळं आणि शेंडा छाटायची ती धमकी वाचून मी ऑफिसात खुर्चीत बसून तोंडावर हात धरून हसले. आणि मग आठवलं की मी कुठे बसले आहे. नगरपालिकेच्या तळमजल्यावर, बरोबर बाईंच्या पायाखाली. निवृत्तीला सहा महिने उरलेले. वीस मिनिटांत फोटो काढून टाकला. तुझी ओळ तेवढी राहिली, सूचनेच्या खाली, एकटी.

तुझी ओळ मी काढू शकत नव्हते, पण तुला फोन करू शकत होते. संध्याकाळी करते म्हटलं. त्याच आठवड्यात दक्षिणेकडे कुणीतरी एका नगरसेवकावर खरोखरच सुरी घेऊन धावला होता, आणि शनिवारी सकाळी ऑर्डबाई वाचनालयात लोकांना भेटायला बसतात. कुणीतरी तुझी ओळ पोलिसांना दाखवली. माझा फोन जायच्या आधी ते तुझ्या दारात होते.

शुक्रवारी मी ती पाटी मातीतून उपटली. शनिवारी मी प्रदर्शनाला गेले, हे तुला कुणी सांगितलं का? तुला आदल्याच दिवशी आरोपपत्र दिलेलं, आणि मी केस नीट करून प्रदर्शनाला. मिसेस ऑर्डला पहिलं बक्षीस मिळालं, बिननावानं. घरी आणून सूप केलं आणि एक चमचा न खाता ओतून दिलं. मला माझीच किळस आली होती.

नोव्हेंबरमध्ये कोर्टात मी सगळ्यात मागच्या बाकावर होते. सरकारी वकिलानं तुझी ओळ वाचली, अशी सपाट, एकेक शब्द सुटा करून, की मलासुद्धा क्षणभर भीती वाटली. तू म्हणालास, "लीकबद्दल होतं ते, बाईसाहेब." लोक हसले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आणि त्या भाजीचं नाव मिसेस ऑर्ड होतं, हे सांगणारं कुणी आहे?" फोटो वीस मिनिटं होता. ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला नाही असं ठरवलं होतं. आणि मी तर काय. मग वकिलानं विचारलं, "तो फोटो टाकला कुणी?" तू खाली बघत म्हणालास, "आठवत नाही." ज्या माणसाला वाफ्यांना अकरा वर्षांत बसलेला थंडीचा प्रत्येक तडाखा तारखेसकट सांगता येतो, तो म्हणाला आठवत नाही. तू मागे वळून एकदाही बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी उठले असते, असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. उठले नसते.

शिक्षा म्हणून दीडशे तासांची समाजसेवा, बाईंच्या जवळपास न फिरकण्याचा हुकूम, आणि अशा माणसाला शाळेसमोर उभं करता येत नाही म्हणून नोकरी गेली. पिवळं जाकीट गेलं, शिक्षा भोगणाऱ्यांचं नारिंगी आलं. जानेवारीत दफनभूमीचं कुंपण रंगवताना तुला बसमधून पाहिलं. मी दुसऱ्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

अठ्ठावीस फेब्रुवारीला मी निवृत्त झाले. केक ऑर्डबाईंनी स्वतः कापला. हातात सुरी घेतली तसा हिशेबखात्यातला एक जण ओरडला, "जपून हं, आधी पाय की आधी मुंडकं?" सगळे हसले, बाईसुद्धा. त्याच्या घरी पोलीस गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या वकिलाकडे, मिस थर्लवेलकडे गेले. फोटो फोनमध्ये होता, तो दिला. सगळं लिहून सही केली. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अपिलाला पंधरा दिवस होते, बाई. तुम्ही इतके महिने होतात कुठे?" पेन्शनची वाट बघत होते, असं मी तिला खरंखरं सांगितलं. तिनं कागद फायलीत लावला. उशिरा परवानगी मिळण्याची आशा फार थोडी आहे म्हणाली, आणि त्यालाही तुझी सही लागते. ती म्हणते तू तिचे फोन घेत नाहीस.

तरीही हे पत्र मी तेवढ्यासाठी लिहिलं नसतं, तुला तोंड दाखवायची लाज वाटते. पण आज सकाळी क्लबचं पाकीट आलं. सात नंबरचा, म्हणजे तुझा, प्लॉट सोडलेला आहे, हवा असेल तर सोमवारपर्यंत कळवा. सोबत तू सोडताना भरलेला कागद जोडलेला आहे. कारणाच्या रकान्यात काही नाही. खाली तुझं अक्षर: "शेजारच्या डोरीनला द्यावा. लीकला तिचा हात चांगला आहे." नॉर्मन, तू रागावून गेला असतास तर मी जगले असते. ऑगस्टमध्ये तू विचारलं होतंस की थंडीत दोन घरं कशाला तापवायची, एकातच राहू या का, आणि मी म्हटलं होतं, प्रदर्शन झाल्यावर सांगते. हो. उत्तर तेव्हाही हेच होतं. आता ते तुझ्या काय कामाचं? मी प्लॉट घेणार नाही. मिसेस ऑर्डची पाटी या पत्राच्याच पाकिटात आहे. मिस थर्लवेलला दे नाहीतर जाळून टाक, पण एकदा उलटी करून बघ. मागे पेन्सिलीनं मी आपल्या दोघांची नावं लिहिली होती, लीक लावला त्या दिवशी.

तुझीच, तुला आठवत नसलेली,
डोरीन