बावडीत पाणी आहे का

६ जानेवारी, मंगळवार

पाचवीच्या हिंदीत आजपासून दिल्ली. एका पानाचा धडा, चार चित्रं. लाल किल्ला सांगून होतो न होतो तोच रोशनीचा हात वर.

"मॅडम, तुमी गेल्त्या का दिल्लीले?"

"नाही गं."

"मंग तुमाले काय माहीत?"

वर्ग हसला. मीही हसले, पण ते दिवसभर खुपत राहिलं. मला बाबांनी चौथीपर्यंत घरीच शिकवलं, दुसरबीडला, शेतातल्या घरात. पाचवीत पहिल्यांदा शाळेत गेले. काहीही सांगितलं की बाबा विचारायचे, पाहिलंस, ऐकलंस, की वाचलंस? नाही सांगता आलं तर ते वाक्य रद्द. ती सवय गेली नाही. अजूनही दिवसभर बोललेली वाक्यं तपासत बसते.

उद्या फळ्याचे तीन भाग करीन. देखा, सुना, पढ़ा. मुलं दिल्लीबद्दल जे सांगतील ते त्या त्या खाली लिहायचं. तेवढीच हिंदीची वाक्यं होतील.

८ जानेवारी, गुरुवार

'पढ़ा' भरला. 'सुना' त्याहून जास्त. (आयुष : "मैंने सुना, दिल्ली में धुआँच धुआँ है.") 'देखा' कोरा. अख्ख्या वर्गात भुसावळच्या पुढे कोणी गेलेलं नाही. मी तरी कुठे.

मुलांचे प्रश्न वेगळ्या कागदावर घेतले. दिल्लीचा बजार कोन्या वाराले असते? लाल किल्ल्यात आता कोन राह्यते? त्या बावडीत पानी हाये का?

बावडीचं चित्र मी नेटवरून घेऊन नांदुऱ्याच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून आणलंय, भिंतीवर लावलंय. शहराच्या मधोमध जुनी विहीर, खाली खाली जाणाऱ्या पायऱ्या, एका पायरीवर पिवळ्या ओढणीची बाई. तळ दिसत नाही. विहिरीचं चित्र दाखवलं की आमची पोरं पहिल्यांदा पाणीच विचारणार.

दिल्लीत ओळखीचं माणूस एकच. वि.

१० जानेवारी, शनिवार

वि.ला प्रश्न पाठवले. तीनदा लिहून पुसले.

चिखलीचं स्थळ. डिसेंबरात दुसरबीडला मला पाहून गेले. दिल्लीत एका कंपनीत हिशेब बघतात, चार वर्षं झाली. आमचं बोलणं एवढंच, पोहे आणि तिकडची थंडी. त्यांच्याकडून होकार आहे. आमचं उत्तर महाशिवरात्रीपर्यंत द्यायचं. हो म्हटलं तर ही शाळा सोडून दिल्ली.

'मुलांसाठी विचारते आहे' असं शेवटी लिहिलं. खरं आहे. पूर्ण खरं आहे का?

१४ जानेवारी, संक्रांत

सुटी. आई म्हणाली ये, पण इथून, धामणगावहून दुसरबीड म्हणजे जाऊन येऊन सगळा दिवस एसटीत. राहिले खोलीवर.

घरमालकीण काकूंनी हाक मारली. "एकटी काऊन बसली वं? ये, तुरीच्या शेंगा सोलू." बसले. मग त्यांच्याकडे बायका वाणाला यायला लागल्या. मी उठले तर म्हणाल्या, "बस नं. तुले वान पुढच्या साली. दिल्लीवून येशीन तवा."

ह्यांना कोणी सांगितलं? मी तरी नाही.

संध्याकाळी वि.चं उत्तर. दिल्लीत रोज वेगवेगळ्या भागात बाजार भरतो, त्यांच्या भागात सोमवारी. 'भाजी तिथूनच आणतो. वांगी आपल्यासारखी नसतात.' किल्ला आतून पाहिलेला नाही, बसमधून दिसतो. बावडीबद्दल : 'रविवारी जाऊन बघतो आणि सांगतो.'

'आपल्यासारखी' हा शब्द परत वाचला.

१६ जानेवारी, शुक्रवार

ठरलं. २६ तारखेला पालकांना दिल्ली दाखवायची. मैदानावर चुन्याने शहर आखायचं, मुलं गाइड होणार, हिंदीतून बोलणार. मु.अ. सर म्हणाले, "करा मॅडम, फक्त चुना जपून."

आज थोडी आखणी. इंडिया गेट झालं आणि आयुषने लगेच त्याच्याबाहेर एक चौकोन काढला.

"हे काय?"

"मारोती."

"तिथे मारुती नाही रे."

"वेस हाये नं मॅडम? मंग वेशीवर मारोती काऊन नाई?"

रोशनी कमरेवर हात ठेवून : "तुमी पाह्यलं का, नाई हाये म्हनून?"

पाहिलं नाही. चौकोन राहू दिला. वि.ला विचारायच्या यादीत घातलं. ही यादी हल्ली मनातल्या मनात दिवसभर चालू असते. बसस्टँडवर, भाकरी थापताना. ह्यांना हे विचारायचं, ह्यांना ते सांगायचं.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी निरोप. 'काल जाऊन आलो. खालपर्यंत उतरलो. पाणी आहे, हिरवं. कबुतरं फार.' मागोमाग फोटो.

एका माणसाने आपली रविवारची सुटी आमच्या मुलांच्या एका प्रश्नासाठी घालवली. शाळेपर्यंत कशी गेले कळलं नाही.

पहिल्याच तासाला 'देखा'खाली पहिलं वाक्य लिहिलं. मैडम के परिचित ने देखा, बावड़ी में पानी है. टाळ्या. मोबाइल हातोहात फिरला. रोशनीने तो जवळ धरला, भिंतीकडे पाहिलं, परत मोबाइलकडे.

"मॅडम, हे तं आपलीच बाई हाये."

पिवळी ओढणी. तीच पायरी. उजव्या कोपऱ्यात तेच अर्धं कबुतर.

आयुष : "थे बाई अजून तठीच बसेल हाये? जेवाले नाई गेली का काय?"

सगळे इतके हसले की शेजारच्या वर्गातून डोकी बाहेर आली. मीही हसल्यासारखं केलं. वाक्य पुसलं.

"काऊन पुसलं, मॅडम?"

"पक्कं नाही म्हणून."

२० जानेवारी

वि. : 'मुलांना आवडला का फोटो?'

उत्तर दिलं नाही.

२१ जानेवारी

लिहिलं, 'तुम्ही खरंच गेला होतात का?' पाठवलं. निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग काही नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

अजून काही नाही.

दुसऱ्या मॅडम मोताळ्याहून ये-जा करतात, शाळा सुटली की बससाठी पळतात. त्यानंतर मी कोणाशी बोलते? काकूंशी दोन शब्द. मग थेट उद्याची हजेरी. आज वर्गात पहिला शब्द काढताना घसा बसल्यासारखा वाटला. आजारी नव्हते, वापरला नव्हता एवढंच.

आईला फोनवर सांगून टाकलं.

"अगं, एवढ्याशा फोटोवरून कोणी स्थळ मोडतं का? तुझे बाबा मला बघायला आले तवा चुलतभावाचं घड्याळ घालून आलते."

बाबा मागून : "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आई : "बघ. हे असं घराणं. जेवलीस का?"

"हो."

नव्हते जेवले. मग जेवले, म्हणजे ते वाक्य तरी खरं होईल.

फोटो मोठी गोष्ट नाही, कळतं मला. पण वि.बद्दल मला जे जे माहीत आहे ते सगळं वि.नीच सांगितलेलं आहे. कंपनी, खोली, सोमवारचा बाजार, वांगी. त्यातलं एक खोटं निघालं की बाकीची कशावर उभी राहणार? आणि त्या घरी मी कायमची जायचं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर दिल्ली. पांढरीशुभ्र, मैदानभर. यमुनेला नीळ. मुलांनी मारुतीच्या चौकोनात खरंच शेंदूर लावलेला दगड आणून ठेवला, मला पत्ता नाही.

त्यामुळे जे व्हायचं ते झालं. पहिले आजोबा आले, वेशीशी थांबले, चपला काढल्या, दगडाला हात जोडले आणि अनवाणी आत गेले. त्यांच्या मागून सगळं गाव. दिल्लीच्या दारात चपलांचा ढीग. मु.अ. सरांनी पण बूट काढले.

रोशनी बावडीवर उभी होती. "आइए. यह पुरानी बावड़ी है. इसमें पानी है या नहीं, हमको पक्का मालूम नहीं है."

एक बाई : "मंग दाखवून काय राह्यली?"

"बावडी दाखवून राह्यली. पानी नाई."

सगळे गेल्यावर मैदानात एकटीच होते. पावलांनी किल्ला पुसला गेला होता. खूप छान झालं हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. ज्यांना सांगावंसं वाटलं त्यांना सांगता येईना.

२८ जानेवारी, बुधवार

वि.चा फोन. फोन, निरोप नाही.

"गेलो नव्हतो," पहिलंच वाक्य. "रविवारी आंघोळ केली. बूटही घातले. मग कॉटवर बसलो. एकट्याने काय बघायचं, वाटलं. चार वर्षांत ऑफिस, खोली आणि बाजार, एवढीच माझी दिल्ली."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"नाही गेलो म्हटलं असतं तर तुम्ही परत काही विचारलं नसतं."

"विचारलं असतं."

 तिकडे कुकरची शिट्टी.

"डाळ आहे," ते म्हणाले.

"बंद करा मग."

"हो." गॅस बंद केल्याचा आवाज. "चुकलं माझं."

रागवायचं ठरवलं होतं, राहून गेलं. मारुतीचं सांगितलं तर हसले. पहिल्यांदा हसताना ऐकलं.

आता वेगळीच भीती. बूट घालून कॉटवर बसलेला माणूस मला फार ओळखीचा वाटतो. मागच्या रविवारी मीसुद्धा नांदुऱ्याला जायचं म्हणून तयार झाले आणि खोलीतच बसून राहिले. दोन अशी माणसं एका खोलीत ठेवली तर बाहेर पडतील, की दोघं मिळून बसून राहतील?

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबांना म्हटलं, हो-नाही सांगण्याआधी मला दिल्लीला जाऊन यायचंय.

"दिल्ली पाहायची की मुलगा?"

"दोन्ही."

आईने फोन ओढून घेतला. "मुलगी कधी जाती का मुलाच्या गावाला, लग्नाच्या आधी? त्यांच्या घरचे काय म्हणतील? काय करायलीस तू हे?"

मग परत बाबा. "मी येतो सोबत."

नको म्हणाले नाही. या, असंही म्हणाले नाही. बाबा आले तर विचारायचं ते बाबा विचारतील, मी ऐकीन. आणि त्यांचं मत ऐकलं की माझं मत मला सापडत नाही, लहानपणापासून. एकटी जायचं तर रात्रभर गाडीत मी कधी एकटी बसलेली नाही.

३ फेब्रुवारी

वि.ला सांगितलं. ते : "या. एकट्या या, नाहीतर बाबांना घेऊन या. मी स्टेशनवर येतो."

काकूंचं मत : "जाय वं पोरी, सेटर घेजो. पन पाहून काय समजते मानूस? मी तं मांडवात दिरालेच नवरा समजली होती."

"मग?"

"मंग काय. नवरा त्याच्याहून बरा निंघाला."

रजेचा अर्ज दिला. सरांनी कारण विचारलं. 'खाजगी' लिहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

नांदुरा. आज तयार होऊन बसून राहिले नाही, सरळ बस धरली. भुसावळला गाडी बदलून तेराला सकाळी पोचता येतं. चौदाला निघायचं, पंधराला शिवरात्र, त्या दिवशी सांगायचं.

बाबांना सकाळी विचारणार होते. फोन हातात घेतला, ठेवला.

आरक्षणाची रांग दारापर्यंत. पुढच्या बाईच्या डोक्यावर गोणी, मागच्याला घाई. खिडकीशी पोचले. दिल्ली म्हटलं, तारीख सांगितली. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "किती जन?"

"सांगते," म्हणाले.

"सांगा लवकर. मागं लोक हायेत."

मागच्याने खांद्याला कोपर लावलं. बाजूला झाले. अजून अर्धा तास खिडकी उघडी आहे. समोरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे, मोबाइल मांडीवर, बाबांचा नंबर काढलेला.