सगळा वर्ग मीच

१४ जुलै

ताईस नमस्कार.

आई बरी आहे, बाबाही. आधी घडलं तेवढं लिहिते.

१. मंगळवारी अध्यापक महाविद्यालयात माझा पहिला सराव पाठ झाला. खऱ्या शाळेत पाठवण्याआधी आम्ही आपसातच शिकवतो. मैत्रिणी विद्यार्थिनी होऊन बसतात.
२. विषय अपूर्णांकांची बेरीज. आकृत्या मोजूनमापून काढल्या होत्या.
३. शेवटी मी विचारलं, "समजलं का?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हो, बाई."
४. आमच्या बाई मागून म्हणाल्या, "समजणारच. सगळ्या पदवीधर आहेत." पाठ पुन्हा घ्यायचा आहे.

सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.

मला तुझे पाठ आठवत होते. तू याच कोर्सला होतीस आणि सरावाला तुला मी एकटीच मिळायचे. तू कपाटाच्या दारावर खडूने लिहायचीस. मी पलंगाच्या या टोकाला हुशार मुलगी, त्या टोकाला झोपाळू मुलगा. एकदा अर्धा अधिक एक तृतीयांश मी दोन पंचमांश सांगितले; वरचे वर मिळवले, खालचे खाली. तू चूक म्हणाली नाहीस. बाबांनी न वाचलेलं वर्तमानपत्र फाडलंस, अर्धं माझ्या हातात दिलंस, वर आणखी एक तुकडा ठेवलास.

"अर्ध्यात भर घातली आणि ते अर्ध्याहून कमी झालं? कसं गं?"

मी हटून बसले होते, मग दोन्ही तुकडे पुन्हा मोजायला लागले. संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज जगात अर्ध्याच घडामोडी झाल्या वाटतं."

"समजलं का?" असं तू कधीच विचारलं नाहीस.

पुढे आई आजारी पडली. तू कोर्स सोडून नोकरी धरलीस, त्या पगारावर मी इंजिनियर झाले. आपल्या घरात हे कोणी बोलत नाही. मी यंत्रं सोडून इथे आले तेव्हा तू म्हणालीस, "माझं सुटलेलं उचलायला शिकवलं नव्हतं तुला." तेव्हापासून फोनवर "आईला दे" एवढंच.

ताई, मी तुझं काही उचललेलं नाही. शिकवणं मला त्या पलंगावर बसून आवडायला लागलं. हे समोर बसून मला सांगता आलं नसतं.

पुढच्या पाठाला बाहेरचं कोणी विद्यार्थी म्हणून बसलं तर चालेल, बाईंना विचारलंय. तू ये. चुकीची उत्तरं दे, आणि मी घाई केली तर अडव.

पाठ पुढच्या शुक्रवारी सकाळी आहे. येणार की नाही ते बुधवारपर्यंत कळव. आईजवळ निरोप ठेवू नकोस, मलाच कळव.

तुझी
धाकटी