तांबडं दगडफूल

३ एप्रिल १९७४
शाहूपुरीत बाळासो सरांकडं स्वयंपाकाला लागले. सर कॉलेजात झाडपाला शिकवतात, एकटेच राहतात. मागची खोली मला दिली. माझी लीला आजऱ्याहून बाळंतपणाला येणार म्हटलं, तर खुशाल आणा म्हणाले. मोरी मोठी, घडीव दगडाची. पाणी भरपूर. आणि काय पायजे?

९ एप्रिल
वर्षाची चटणी डंकावर कांडून आणली. ऐनवेळी दगडफूल कमी पडलं. कोण जातंय उन्हाचं पेठेत! गच्चीवर पेपरावर तांबडं, केसासारखं काहीतरी वाळत होतं, सरांनी मालवणच्या खडकावरनं खरवडून आणलेलं. दगडावर उगवतं ते दगडफूलच की! घातलं मूठभर. रंग असा आलाय, गल्लीतल्या बायका विचारत येतील.

१३ एप्रिल
सर नुसत्या चटणी-भाकरीवर जेवतात. वर मीठ मागतात. मलाबी सगळं अळणीच लागतंय. आज त्यांनी रिकामा पेपर बघितला. घातलं चटणीत, म्हणून सांगितलं. ओरडले न्हाईत. समुद्रातलं शेवाळ हाय ते, ओला दगड घट्ट धरून राहतं, म्हणाले. वाळलं की मरतं, काय होत न्हाई, असंबी म्हणाले. पण त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

१६ एप्रिल
सरांच्या नखाखालनं तांबडे तंतू आलेत. कात्रीनं कापले. जेवायच्या आत पुन्हा तेवढेच. मोरीत मिठाचं पाणी ओतून त्यातच बसतात. माझ्या टाचा खाजतात.
लीलाचं पत्र आलं. परवा येते म्हणती. चटणीची बरणी फेकायला उचलली — फेकवली न्हाई. बोट बुडवून चाटली. लाज वाटली, तरी चाटली.

१७ एप्रिल
सरांना ओढलं. उठत न्हाईत. तळव्यांनी मोरीचा दगड घट्ट धरलाय. डॉक्टरला आणते म्हटलं तर नुसतं पाणी मागितलं.

१८ एप्रिल
मोरीत सर न्हाईत. दगड तेवढा तांबडा. केसासारखा हलतोय, वारा नसताना.
स्टँडवर जाऊन लीलाला परत लावून देणार होते. पाय मोरीकडंच वळले. कडी मीच घातली आतनं. का घातली —
बसले. आता उठता येत न्हाई. वही तेवढी हातात राहिली.

लीला आली. हाका मारतीया. तोंड उघडलं की खारं पाणीच —
तांब्या दगडावर आपटला. ती म्हणती, व्हय गं आई, अंघोळ कर सावकाश, मी घेते वाढून, लई भूक लागलीया.
पुन्हा आपटला. हसली, पोरगी हसली —
दाराच्या फटीतनं दिसतंय. ताट घेतलं. भाकरी मोडली. फळीवरची बरणी —
लीले, न