अप्पांच्या बोटातलं बेअरिंग

काळाचौकी, मुंबई
मे महिन्याची अखेर

तीर्थस्वरूप गुणाजीमामा यांस,

काळाचौकीहून उन्मेषचा साष्टांग नमस्कार. (कपाट आणि पलंग गेल्यामुळे खोलीत आता साष्टांग घालायला खरोखरच जागा झाली आहे.) तुमचे गुडघे, शांतामामीचं बीपी आणि दारातली कलमं बरी असतील असं धरून चालतो. मामीने पाठवलेला फणस पोचला. आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे हे पत्र लिहिताना ठीक आहोत. मधे एक दुपार नव्हतो. ती हकिकत तुम्हाला फोनवर सांगायचा प्रयत्न मी केला, पण अप्पांचं नाव निघालं की तुमच्या गावातली रेंज जाते. तेव्हा कागदच बरा.

आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली हे तुम्हाला कळलं असेलच. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करून किल्ल्या द्यायच्या आणि नवी इमारत होईपर्यंत भाड्याने राहायचं. आम्हाला भायखळ्याला जागा मिळाली आहे. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, पार्किंग मात्र नाही. मग गावी जाताना तुम्ही अप्पांच्या हवाली केलेल्या, जिन्याखाली उभ्या असलेल्या तुमच्या मोटरसायकलचं काय करायचं, हा प्रश्न आला. भंगारात द्या, असं अख्ख्या चाळीचं मत पडलं. (पाण्याच्या टाकीवरून सुद्धा इतकं एकमत कधी झालेलं नव्हतं.) अप्पांनी ऐकून घेतलं, आत गेले, आणि बनियनवर बाहेर येऊन गाडीचं पुढचं चाक सोडवायला बसले. "पाठवायची तर चालू करून पाठवायची," एवढंच म्हणाले. कुणाला, ते म्हणाले नाहीत.

आई गेल्यानंतरच्या गणपतीत तुम्ही आला होतात तेव्हा गाडीच्या सीटवर कुणाच्या तरी पापड्या वाळत होत्या आणि हँडलला पोपटाचा पिंजरा लटकत होता. त्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "भावजी, तुमका वस्तू सांभाळूक जमाचां नाय." तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी बोललाच नाहीत. मी कुणाची बाजू घेत नाही. (पापड्या शेजाऱ्यांच्या होत्या, एवढंच नोंदवतो.) पण मिलच्या टाइम ऑफिसात आयुष्यभर कारकुनी केलेला आणि स्क्रूड्रायव्हर सुद्धा पेनासारखा धरणारा माणूस या वयात इंजिन उघडायला बसला, त्यामागे तुमचं ते एक वाक्य होतं, हे मला आणि तुमच्या सूनबाईला, रुपालीला, दोघांनाही कळत होतं.

त्यानंतर आमच्या घराचं जे झालं ते मामीने वाचू नये. अप्पांना मोबाइलवर एक परदेशी गृहस्थ सापडले, जे घरच्या घरी जुने पार्ट दुरुस्त करून दाखवतात. ते कोणत्या भाषेत बोलतात ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. रुपालीचं ऑफिसचं काम घरूनच चालतं, त्यामुळे आवाज बंद ठेवून बघायचं असा करार होता. अप्पा त्यांचे हात बघून शिकले. मोरीत मडगार्ड भिजत पडला. गंज काढायला ते गृहस्थ कसलंसं ॲसिड वापरायचे, अप्पांनी मामीने पाठवलेलं कोकमाचं आगळ वापरलं. (गंज निघाला. सोलकढी मात्र त्या महिन्यात झाली नाही.) चेन चकल्यांच्या डब्यात डिझेलमध्ये बुडाली होती. कार्बोरेटर पेट्रोलने धुतल्यामुळे घरात गॅस पेटवायची बंदी, आणि देवासमोरची उदबत्तीही बंद. रुपाली साहेबांशी गंभीर कॉलवर असायची आणि मागे अप्पा पिस्टन घासत असायचे. साहेबांनी एकदा विचारलंही म्हणे, की तुमच्याकडे कल्हईवाला येतो का.

त्या दुपारी मात्र कुणालाही हसू येण्यासारखं काही घडलं नाही. जिन्याखालच्या डब्यात अप्पांना एक बेअरिंग सापडलं होतं. ते त्यांनी धुतलं, पॉलिश पेपरने चकचकीत केलं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलं. गार झालं की लोखंड आकसतं आणि आपल्या जागी अलगद बसतं, हे त्यांना त्या गृहस्थांनी शिकवलं होतं. जेवणानंतर त्यांनी ते बाहेर काढलं आणि फिरतं कसं ते बघायला करंगळीशेजारच्या बोटात घालून दुसऱ्या हाताने गरकन फिरवलं. आवाज झकास आला. तो रुपालीला ऐकवायचा म्हणून त्यांनी ते आणखी आत सरकवलं, आणि बेअरिंग सांध्याच्या पलीकडे जाऊन बसलं. आकसतं हे सगळं त्यांना पाठ होतं, फक्त बोट घालताना आठवलं नाही.

रुपालीने साबण लावला, मग खोबरेल, मग बर्फ. प्रत्येक वेळी ओढलं की बोट जास्त सुजायचं. अप्पा शांत होते, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. बोटाचं टोक लाल होतं ते जांभळं दिसायला लागलं. तेवढ्यात ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "उन्मेष, तापवलं की लोखंड प्रसरण पावतं. गॅसवर धरू जरा." मी आणि रुपालीने त्यांना तसंच टॅक्सीत घातलं.

परळला पोचेपर्यंतचा रस्ता मला आठवतो तो त्या बोटाच्या रंगावरूनच. सिग्नल लागला की मी बोटाकडे बघायचो आणि अप्पा खिडकीबाहेर. हॉस्पिटलात डॉ. स्पृहा म्हणून तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी अंगठ्या कापायचं कटर लावलं. त्याचं पातं बेअरिंगवर नुसतं घसरलं, ओरखडासुद्धा उठला नाही. दोऱ्याने बोट गुंडाळून सोडवायचा उपायही करून झाला. मग त्यांनी बोटाच्या टोकाला सुई टोचली आणि विचारलं, "काका, कळतंय का?"

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "टोचलीत कधी?"

 डॉक्टर मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या की रक्त पोचत नाहीये, फार थांबता येणार नाही. अग्निशमन दलाला फोन झाला. त्यांच्याकडचे दोन जवान लहानसं ग्राइंडर घेऊन आले, बोट आणि लोखंड यांच्यामध्ये पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, वरून पाणी सोडायची तयारी केली. आणि अप्पांनी हात पोटाशी घेतला.

"कापायचं नाही," ते म्हणाले. "ह्या गाडीचा पार्ट कुठे मिळत नाही. गुणाजी सांगायचा."

मी समजावलं, रुपाली रडली, थोरला जवान म्हणाला की आजोबा, बोट पण कुठे मिळत नाही. अप्पा ढिम्म. गाडी त्याची, पार्टही त्याचा, त्याला विचारल्याशिवाय कापायचं नाही, असं धरून बसले. "विचार त्याला," म्हणाले. तुमचं नाव त्यांच्या तोंडून मी इतक्या वर्षांनी ऐकत होतो, आणि ऐकायला वेळ नव्हता.

तुमचा फोन लागला नाही म्हणून मामीच्या मोबाइलवर केला, तो तुम्ही उचललात. मी स्पीकर चालू करून ओरडलो, "मामा, बेअरिंग कापू का?"

तुम्ही म्हणालात, "पिकलो काय पण? आधी दाबून बघ."

 डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अप्पा हळूच म्हणाले, "बोट पिकलंय का, विचारतोय." (पिकलं तर बोट 'पिकलां' होईल, 'पिकलो' कसं होईल, हे माझ्या ध्यानात आलं. पण ती वेळ व्याकरणाची नव्हती.)

मी पुन्हा ओरडलो, "मामा, कापू की नको?"

"काप रे, इचारतंस कसलां," तुम्ही म्हणालात. "हाताक तेल लाव, सुरयेक तेल लाव आणि सावकाश काप. आणि पयलो भावजींका..." इथे तुमची रेंज गेली.

अप्पांनी हात पुढे केला. "पयले भावजी, म्हणाला," ते त्या जवानाला सांगत होते, जणू तो आमच्या घरातलाच आहे. "गाडी नंतर. कापा तुम्ही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुखतंय का म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर नाही म्हणाले.

ग्राइंडरचा तो आवाज मला अजून झोपेत येतो. ठिणग्या, वरून पाणी, मधेच थांबून बोट गार करायचं, पुन्हा सुरू. आधी बाहेरची कडी गेली, छर्रे टणटणत फरशीवर पळाले, मग आतली.  डॉक्टर बोट चोळत बसल्या. जांभळ्यातून पांढुरकं, पांढुरक्यातून हळूहळू गुलाबी. त्यांनी पुन्हा सुई टोचली आणि अप्पा म्हणाले, "अहो, दुखतंय." एवढं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही.

बोट आता ठीक आहे. नखाला थोडा काळेपणा आहे, तो जाईल. त्यानंतर अप्पांनी आणि मी मिळून गाडी जोडली, आणि गेल्या रविवारी चाळीच्या चौकात बऱ्याच किका वाया घालवल्यावर ती सुरू झाली. धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. भंगारात द्या म्हणणारे सगळे गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवत होते. अप्पांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते फडकं घेऊन टाकी पुसत होते.

मामीला नमस्कार. उत्तर पाठवायला नवा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

आपला भाचा,
उन्मेष

ता. क. – कापलेल्या बेअरिंगच्या जागी दुसरं शोधायला निघालो, तर गाडीत त्याची जागाच सापडेना. सगळं बसून गाडी पूर्ण झाली आणि काहीच कमी पडलं नाही. चाळीच्या गणपती मंडळाचा लवू दुसऱ्या दिवशी विचारत आला की ढोलांच्या ट्रॉलीचं बेअरिंग जिन्याखालच्या डब्यात ठेवलं होतं, कुणी पाहिलं का. हे अप्पांना सांगितलेलं नाही. लवूला दुकानातून नवीन आणून दिलं. कुठल्याही दुकानात मिळतं.

ता. क. दुसरा – आता खरं काम. त्या फोनचं मामीने मला नंतर सांगितलं. तुम्ही 'बेअरिंग' नव्हे, 'बरका' ऐकलंत, म्हणजे मामीने पाठवलेला बरका फणस, आणि तो कधी आणि कसा कापावा ते सांगत होतात. रेंज गेली नसती तर पुढचा शब्द 'गरो' होता. पहिला गरा भावजींना दे, असं तुम्ही म्हणत होतात. अप्पांना वाटतं की तुम्ही गाडीपेक्षा त्यांचं बोट मोठं मानलंत, आणि हे ते रोज कुणाला ना कुणाला सांगतात. तर फणसाचं नाव काढू नका, एवढी विनंती. तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. मला विचाराल तर तुम्ही म्हणालात ते आणि अप्पांनी ऐकलं ते, यांत फार फरक नाही.

ता. क. तिसरा – गाडी टेम्पोने पाठवतोय. अप्पा ड्रायव्हरशेजारी बसलेत. नीट उतरवून देतो आणि त्याच टेम्पोने परत येतो, असं सांगतायत, पण त्यांच्या बॅगेत दोन लुंग्या आणि महिन्याभराची औषधं आहेत. हे पाकीट मी त्यांच्याच हाती देतोय. ते तुम्हाला देतील आणि तुमचं वाचून होईपर्यंत अंगणातच उभे राहतील, बोलावल्याशिवाय पायरी चढणार नाहीत. पत्र जरा लांबलं आहे, आणि बाहेर ऊन असेल. आधी त्यांना आत घ्या.