चाळीस माणसं हवीत

प्रिय आई,

काल रात्री आमच्या कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या बाईंचा हात धरून मी त्यांना तळघराच्या पायऱ्या उतरवत होते. "पडले तर माझं काम तू करायचंस," त्या म्हणाल्या.

खाली माझा आवडता बँड वाजवणार होता. चौघंच आहेत, फारसं कुणी ओळखत नाही. गाणारी दिवसा टपाल वाटते. तिचा आवाज जरा फाटका आहे, तुला आवडायचा नाही. पण तो ऐकला की खोली रिकामी वाटत नाही. तळघराच्या मालकाने त्यांना बजावलं होतं, चाळीस माणसं जमली नाहीत तर पुन्हा जागा देणार नाही.

म्हणून मी धुलाईच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक टेबलापाशी जाऊन विचारलं. मैत्रिणी पुष्कळ आहेत असं तुला लिहायचे, ते खरं नव्हतं. दोन वर्षांत मी कुणाशी धड बोललेही नव्हते. तरी अकरा जण आले. कपडे पोचवणाऱ्या गाडीवाल्याने कानात कापूस घातला होता, तो त्याने तिसऱ्या गाण्याला काढला.

सगळे मिळून सदतीस भरले. मालकाने दोनदा मोजले. जागा गेली.

मी घरी येऊन नीट जेवले, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढताना ते अजून कुणाचा हात धरत नाहीत का?

आज सकाळी चहाच्या सुट्टीत इस्त्रीवाल्या बाईंनी पायाने एक खुर्ची माझ्याकडे ढकलली. "बस. तुझी ती पोरं आता वाजवणार कुठे, ते बघू." मी बसले.

तुझी,
धाकटी