वरच्या अंगाचा पूल

बाबा, काल स्टेशनवर गेले होते. माहेरी आले की जातेच, काम असो नसो. तुमी आता ओळखणार नाय. तिकिटाच्या खिडकीशेजारी मशीन बसवलंय, बटणं दाबली की तिकीट बाहेर. गाडी कुठली, किती टाइम, ते लाल अक्षरांत पाटीवर येतं. फलाट उंच केलेत, म्हाताऱ्या बायांना आता हात धरून वर ओढावं लागत नाय. बायकांसाठी संडास बांधलाय, त्याला कुलूप आहे, चावी कोणाकडं ते कोणाला ठाऊक नाय. आणि तुमचा पूल आहे. उभा आहे तसाच, चुकीच्या टोकाला. तो बघितला आणि माझं डोकं फिरलं. तुमाला जाऊन एवढा काळ लोटला, तरी फिरलं. म्हणून लिहायला बसले.

तुमी पाइंटमन होतात, रुळांचे सांधे बदलायचात, तेव्हा स्टेशन म्हणजे एक दगडी खोली आणि एक कडुनिंब. रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, तो तुमी ठोकलात की गाडी निघाली हे गावाला कळायचं. पुठ्ठ्याची तिकिटं, पाण्याचा माठ. तो माठही तुमीच भरायचात. नवीन काय आलं की आमाला दाखवायला न्यायचात. ट्यूबलाइट आली तेव्हा नेलंत, भोंगा आला तेव्हा नेलंत. भोंग्यातून बाई बोलायला लागली तर आई पदर सावरून नीट उभी राहिली, आणि तुमी किती हसलात. एक लोकल वाढली तर घरात गोड केलं होतंत. जसं काय सगळं तुमीच खिशातून काढून आणत होतात.

गाव रुळांच्या अलीकडं, हायस्कूल पलीकडं. सातवीपर्यंतची शाळा गावात, पुढं शिकायचं तर रूळ ओलांडायचे. फाटक पार शहापूरच्या रस्त्याला. मधल्या लायनीवर मालगाडी अडकवून ठेवायचे, मागची मेल पुढं काढायची असायची म्हणून, आणि ती तास तास हलायची नाय. पोरं डब्यांखालून वाकून जायची. दादा जायचा, त्याला तुमी कधी अडवलं नाय. मला अडवलंत. त्याच्या आदल्या पावसाळ्यात एक बाई गवताचा भारा घेऊन खालून निघाली आणि मालगाडीनं हिसका दिला. तिला उचलायला तुमीच होतात. आंघोळ करून ओट्यावर नुसते बसून राहिलात, जेवला नाय. ते मला कळत होतं, बाबा. मी काय बावळट नव्हते. पण मग दादाचे पाय काय लोखंडाचे होते? तसं विचारलं तर म्हणालात, "तो पोरगा हाय. तू पूल झाल्यावर जा. पूल मंजूर हाय." मी थांबले. दादाची आठवीची जुनी पुस्तकं होती, ती घेऊन घरात बसले. एक वर्षाचा तर प्रश्न आहे, म्हणालात. पूल झाला की नाव घालू.

मग पुलाचे साहेब आले. नव्वद साल सरून थोडीच वर्षं झाली असतील. सगळा गाव फलाटावर गोळा. मी तुमचा डबा घेऊन आलेले, तशीच उभी राहिले. आपल्याकडं मुंबईला जायचं म्हणजे खाली जायचं, आणि कसाऱ्याला वर, कारण घाट तिकडं चढतो. रेल्वेचं नेमकं उलटं. मुंबईकडं जाते ती अप, कसाऱ्याकडं जाते ती डाऊन. हे मला तुमीच शिकवलेलं, मांडीवर बसवून. पण गावात चुकून अप-डाऊन बोललात की लोक टोमणा मारायचे, आला बघा रेल्वेचा जावई. साहेबांनी तुमाला विचारलं, लोक ओलांडतात कुठून? तुमी एकदा गावाकडं बघितलंत आणि म्हणालात, "वरच्या अंगानं, साहेब." साहेब बरोबरच्या माणसाकडं वळून म्हणाले, अप एंड. मग तुमाला, अप ना? आणि तुमी मान हलवलीत. "हो साहेब." ते हो साहेब तुमच्या तोंडात बसलेलं होतं, विचार करायच्या आधी बाहेर यायचं. ते सगळे मुंबईच्या टोकाला चालत गेले आणि तिथं चुन्याची फुली मारली. गाव मागं गप्पा मारत उभा, कोणाचं लक्ष नाय. मी तुमची बाही ओढली. म्हटलं, बाबा, उलट्या टोकाला मारली. तुमी माझ्याकडं बघितलं पण नाय.

"गप गो. साहेबांना कळतंय."

मी डबा तुमच्या हातात दिला आणि घरी आले.

संध्याकाळी आई चुलीपुढं भाकऱ्या थापतेय, तुमी पाटावर बसलाय, कपड्यांना रुळांचा तेलकट वास. मी विचारते, डाऊन म्हणायला काय झालं होतं? तुमी म्हणता, सगळा गाव उभा होता, गावासमोर काय इंग्रजी फाडू? बरं, मग फुली मारली तेव्हा? "साहेबाच्या तोंडावर चूक काढू? नोकरी हाय माझी." आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "आवो, मग उद्या स्टेशनमास्तरांना सांगा की." तुमी म्हणालात, सांगतो. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, मग तुमी अंगावर आलात म्हणून विचारायचं सोडलं. गावासमोर तुमी गाववाले झालात, साहेबासमोर रेल्वेवाले झालात. माझ्यासमोर कोण होतात ते मला अजून कळलेलं नाय.

चुन्याची फुली पावसानं धुऊन गेली, पुन्हा मारली, पुन्हा गेली. दरम्यान तुमी माझं लग्न लावून टाकलंत, तेही मुरबाडला, सिद्धगडाच्या पायथ्याशी, जिथं रूळ नाय आणि भोंगा पण नाय, एसटी चुकली की बसा. पूल झाला तेव्हा माझी पोर कडेवर होती. तुमी निरोप धाडून बोलावून घेतलंत. गुडघे गेलेले तुमचे, तरी कठडा धरून वर चढलात आणि मला म्हणालात, "झाला बघ." मला वडा घेऊन दिलात, लहान असल्यासारखा. मी खाल्ला. पलीकडं जिना उतरतो तो ओढ्यापाशी, आणि पावसाळ्यात ओढा कमरेएवढा. म्हणजे शाळेची पोरं मालगाडीखालूनच. खाली गाववाले रेल्वेला शिव्या देत होते, या लोकांना अक्कल नाय, पूल कुठं बांधायचा ते कळत नाय. आणि तुमी त्यांच्यात उभे राहून मान डोलावत होतात, बाबा. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुमी माझ्याकडं एकदा बघितलंत आणि पोरीच्या नाकाला रुमाल लावायला लागलात. शाळा राहिली त्याचं मी कसंतरी गिळलं. पुष्कळ पोरींची राहिली. ती मान हलत होती, ती मला गिळता येत नाय.

काल मालगाडी उभी होती. दोन पोरींनी दप्तरं आधी खाली ढकलली आणि मागून वाकल्या. मी एवढ्या जोरात ओरडले की चहावाला बाहेर आला. एक पोर डब्याखालूनच म्हणाली, "मावशी, पूल लांब पडतो." गेल्या. मी मालगाडी निघेपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. वाटलं, तुमी असतात तर त्या घटकेला तुमच्यावर ओरडायला तरी मिळालं असतं.

हे लिहायला फार वेळ गेला. जोडाक्षरं अडतात. लेकीला विचारत होते, कॉलेजात आहे ती, शहापूरला. किराण्याची यादी करतेय म्हणून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "आई गो, वाण्याकडं स्टेशनमास्तर कितीला मिळतो?" आणि हसत सुटली. मी कागद मांडीखाली घातला. तुमाला पाठवायचा तर पत्ता नाय, आणि तिला दाखवायचा नाय, म्हणजे चुलीतच जाईल. तिला दाखवला तर मीच खोटी पडेन. बारकी होती तेव्हापासून तिला एवढंच ठाऊक आहे की तो पूल तिच्या आजोबांनी आणला. मैत्रिणींना तसं सांगते ती. मीच सांगितलंय तिला.